एक वाजताचा डबा

आज डबा उघडला आणि मेथीच्या भाजीचा कोंदलेला वास आला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारचं जेवण मी सकाळीच डब्यात भरून ठेवते. त्या वासानं मला नव्वदच्या दशकात, मंदाच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

तेव्हा मी रोज सातच्या एसटीनं निमगाव केतकीहून बारामतीला ऑफिसात जायचे. शेजारची मंदा मासिकांना कथा आणि रेडिओला श्रुतिका लिहायची. नऊला उठायची, भर दुपारी फुटक्या कौलांवर चित्रं रंगवायची, मनात आलं की लिहायला बसायची. सकाळी निघताना तिचं बंद दार दिसलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी रजा टाकली आणि राजीनामा लिहून तिच्याकडे गेले. तिच्यासारखंच जगायचं ठरवलं होतं. मंदानं कागद वाचला, "चांगलं लिवलंयस," म्हणाली आणि पुन्हा कौल रंगवायला लागली. बोटं हिरवी झालेली, चहा गार झालेला, पण बाईला कसली म्हणून घाई नव्हती.

थोड्या वेळानं मी पिशवीतून डबा काढला. रजेच्या दिवशीही सवयीनं भरून आणला होता.

मंदा बघतच राहिली. "भूक लागली व्हय गं?"

मी घड्याळ पाहिलं. "एक वाजला की!"

ती हसली नाही. राजीनाम्याची घडी घालून तिनं तो माझ्या हातात ठेवला. असा राग आला मला तिचा! दुसऱ्या दिवशी मी सातची एसटी पकडली.

आता सगळे दिवस माझेच आहेत. मंदा अजूनही मनाला येईल तेव्हा जेवते, मेली. आणि मला भूक लागली का, हे मी अजून घड्याळालाच विचारते.