बुडालेल्या रस्त्यावरून

सास्तूरजवळ धरणाचं पाणी चढलं, की आमच्या शेताचा जुना रस्ता त्याखाली जातो. यंदा मी जीपच तयार केली. इंजिनाला हवा देणारा पाइप टपाच्या वर नेला, वायरींच्या जोडांना ग्रीस भरलं आणि पाण्यात स्वतः चालून पाहिलं. पाणी कमरेपर्यंत होतं.

"मधीच बंद पडली तर?" बायकोनं विचारलं, तरी शेजारी येऊन बसली.

जीप सावकाश पाण्यात शिरली. चाकांचा आवाज विरला. चहूकडं पाण्यात ढग उतरलेले, आम्ही त्यांच्यावरूनच चाललोय असं वाटलं. आत शिरलेल्या पाण्यात तिनं चपला काढून पाय सोडले. काठ दिसताच मी वेग वाढवला.

"अहो, लई घाई करताय. हळू घ्या की."

मग तुरीचं रान येईपर्यंत मी जीप सावकाशच नेली.