बदलतं व्याज आम्ही बांधून घेतलं

दिंडोरी रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात मी हिशेब सांभाळते, तिथून मटार, मका, आंब्याच्या फोडी गोठवून परदेशी जातात. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. घरच्या भाजीपाल्याच्या मळ्यातून त्यांनी हा कारखाना उभा केला. धाकटा भाऊ भागीदार, विक्री तो बघतो.

नव्या शीतगृहासाठी आम्ही मोठं कर्ज काढलं. त्याचं व्याज बाजाराप्रमाणे बदलणारं होतं, आणि थोड्याच दिवसांत दर चढू लागले. दर तिमाहीला ताई विचारायच्या, "पुढच्या वेळी किती?" मला सांगता यायचं नाही. कुणालाच आलं नसतं.

मग बँकेच्या मुंबई कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या. म्हणाल्या, "तुमचं कर्ज आहे तसंच राहू द्या. बदलतं व्याज भरत राहा. शेजारी आपण दुसरा करार करू. त्यात तुम्ही आम्हाला ठरलेल्या दराने व्याज द्यायचं आणि आम्ही तुम्हाला बाजाराचा बदलता दर द्यायचा. बदलणारं एका हाताने येईल, दुसऱ्या हाताने जाईल. तुमच्याकडे राहील तो ठरलेला दर आणि कर्जावर बँक बाजारदराच्या वर लावते ती ठरावीक टक्केवारी."

"आणि मुद्दल?" ताईंनी विचारलं.

"ते कुणीच कुणाला द्यायचं नाही. फक्त व्याज मोजण्यापुरतं. कर्ज फिटेल तसा तो आकडाही उतरत जाईल. आपण तिमाहीला फक्त फरक द्यायचा-घ्यायचा."

"दर उतरले तर?"

"तर फरक तुम्ही आम्हाला द्याल."

कॉलेजात मी हे शिकले होते, परीक्षेत दोन चौकोन आणि उलटसुलट बाण काढून मार्कही मिळवले होते. पण समोर खरं कर्ज, खरा कारखाना असताना ऐकलं आणि अंगावर काटा आला. कर्जाला हातही न लावता त्याचा स्वभाव बदलता येतो!

भाऊ खूश झाला. "दर चढणारच आहेत ताई. कर्जाच्या दुप्पट रकमेचा करू. वर चार पैसे सुटतील."

"कर्जाएवढाच," ताई म्हणाल्या. "त्याच्या वर गेलो की सट्टा झाला रे तो."

कागदपत्रांत बरेच दिवस गेले. प्रत्यक्ष व्यवहार मात्र स्पीकर लावून फोनवर झाला. बाईंनी दर सांगितला, बाहेर कंटेनरचं मशीन घरघरत होतं, म्हणून ताईंनी तो पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाल्या, "डन." चहावर साय धरायच्या आत आमचं पुढच्या कित्येक वर्षांचं व्याज बांधलं गेलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण मॅडम, याच्या उलट बाजूला कोण उभं असतं?"

"असतं कुणीतरी. ज्याला ठरलेलं व्याज भरावं लागतंय आणि बदलतं भरायचंय, असं. आम्ही मधे. कोण, ते नाही सांगता यायचं."

फोन ठेवल्यावर मी खिडकीतून रामशेजच्या किल्ल्याकडे बघत बसले. देशात कुठेतरी कुणालातरी नेमकं तेच हवं होतं जे आम्हाला नको होतं, आणि आम्ही एकमेकांचं तोंडही बघणार नव्हतो.

त्याच आठवड्यात ताईंनी पुढच्या वर्षांचा खर्च माझ्याकडून मांडून घेतला. व्याजाचा रकाना आता हलत नव्हता. मग त्यांनी मटार निवडणाऱ्या बायकांना बोलावलं. बऱ्याच जणी सुरगाण्याकडच्या. हंगामाला यायच्या, संपला की जीपने परत.

"यंदापासून बारा महिने काम," ताई म्हणाल्या.

एकीने विचारलं, "मंग भाताच्या लावणीला घरी जायला भेटंल का?"

"जा की. लावणी करून या. काम कुठं जात नाही."

तेव्हा कुठे त्या हसल्या, एकमेकींना ढोसू लागल्या. फोनवरचा तो एक शब्द इथवर पोचला होता, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

दर आणखी चढले. बँकेकडून फरक आमच्या खात्यात जमा झाला. भाऊ म्हणाला, "बघ, दुप्पट करायला हवा होता."

पुढे दर उतरले आणि फरक आमच्याकडून जाऊ लागला. भाऊ केबिनमध्ये आला. "हा तर तोटाच झाला की!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आपलं व्याज वाढलं का गं?"

मी दोन्ही रकमा शेजारी ठेवून पाहिल्या. कर्जावर जेवढं कमी भरलं होतं, तेवढंच या कराराने नेलं होतं. बाजार एवढा वर गेला, एवढा खाली आला, आणि आमची बेरीज ठरल्या आकड्यावरून हलली नव्हती. मला माहीत होतं असंच होणार, तरी बघतच राहिले.

"नाही ताई. ठरलं होतं तेवढंच आहे."

"मग?" त्या भावाला म्हणाल्या. मक्याची गाडी आली होती, ती बघायला उठून गेल्या.