बसवनगुडीतले बोंबील

मासा कोणताही असो, अक्का आधी त्याच्या कल्ल्यात अंगठा घालणार. आत लाल आहे ना ते बघणार. विकणारा ‘फ्रेश अक्का, आत्ता गाडी आली’ म्हणून सुरू झाला की हात वर करून त्याला थांबवणार आणि विचारणार, "ता ऱ्हवांदे. पकडल्यान कोणी?"

आता बनशंकरीच्या बाजारातल्या त्या बिचाऱ्याला मालवणी कुठून कळायला! पण दर रविवारी तेच ऐकून त्याला पाठ झालं होतं. "मल्पे बोटु, अक्का," म्हणायचा. मग अक्का विचारणार, मल्पे बंदरातली कोणती बोट? तिच्यावरचा तांडेल, म्हातारा की तरणा, बोटीचा म्होरक्या कोण? त्याला माहीत नसायचं. तो काहीतरी नाव ठोकून द्यायचा, आणि तिलाही ते कळायचं, पण नाव मिळाल्याशिवाय पिशवीचं तोंड उघडायचं नाही ते नाहीच.

अक्का हे काही तिचं नाव नव्हे. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे ती मालवणजवळच्या गावातून बंगळुरात आली, आणि चाळीसेक वर्षांत सगळ्या गल्लीची अक्का झाली. नवरा गेल्यावर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. तोंडाने फटकळ, कानाने तिखट. कुठे बोलायचं नाही हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आमची गाठ भांडणातूनच पडली. मी पुण्याची, आमच्या घरात माशाचं चित्रसुद्धा नव्हतं. इथे राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी खालून असा काही भपकारा आला की मी तरातरा उतरले आणि तिच्या दाराची कडी वाजवली.

"अहो, हा कसला वास?"

"बोंबील भाजतंय. बस. सोलकढी घे स्वल्प."

भांडायला गेलेली मी वाटी पिऊन वर आले. मासे मी आजही खात नाही. पण तिच्या ओट्याशी बसून मी जेवढं ऐकलंय, तेवढ्यात एखादी कोळीण तयार झाली असती.

एकदा मी तिला विचारलंच, की अक्का, मासा घ्यायचा तर घ्या, त्या पकडणाऱ्याचं नाव तुम्हाला कशाला हवं? ती म्हणाली, "आमच्या होडीवर वाटे पडायचे. एक होडीचा, एक जाळ्याचा, एक माणसांचा. बाबा माणसांचा वाटा आधी काढायचे. म्हणायचे, ज्यात माणसाचा वाटा नाही ती मासळी चोरीची. आपण घरात चोरीचा माल आणतो काय?"

हे सगळं ऐकायला छान वाटायचं. गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं आपल्याला कौतुक असतंच की. पण सिद्धेश समुद्रावर गेला आणि हे कौतुकापुरतं राहिलं नाही.

सिद्धेश तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बावीस वर्षांचा, उंच, जरा लाजरा. त्याला मोठ्या जहाजावर नोकरी हवी होती. इथेच बंगळुरात, बसवनगुडीत एका एजंटाचं ऑफिस होतं, पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, आत उदबत्ती आणि भिंतीवर पांढऱ्याशुभ्र मालवाहू जहाजाचा फोटो. त्या फोटोवर पोरगं भाळलं. विमानात बसला, तिथून एका बंदरातून ‘आज जहाजावर चढतोय’ म्हणून फोन केला, आणि त्यानंतर त्याचा फोन बंद.

महिने गेले. मग एके दिवशी भर दुपारी अक्काचा फोन वाजला. पलीकडे सिद्धेश. दुसऱ्याच कुठल्या बोटीवरच्या माणसाच्या हातापाया पडून त्याने फोन मिळवला होता. जहाज मालवाहू नव्हतंच, ती परदेशी मासेमारीची बोट होती. माकुल पकडायची. त्याला मोठ्या दुकानांत स्क्विड म्हणतात. पासपोर्ट कॅप्टनने काढून घेतलेला. झोप दोन-तीन तास. हात थांबला की मार. आणि बोट बंदराला लागतच नाही, दुसरं जहाज समुद्रातच येतं, मासळी उचलतं, डिझेल आणि तांदूळ टाकून जातं. "मावशे, माका हयसून काढ," एवढं म्हणाला आणि फोन तुटला.

अक्का रडली नाही. पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल."

एजंट मोठा गोड माणूस. ‘मॅडम, प्रोसेस में है,’ हे एकच वाक्य तो इतक्या मऊपणे म्हणायचा की दुसऱ्या कोणाला झोप लागली असती. पोरगा सही करून गेलाय, कराराची मुदत संपेपर्यंत त्याला सोडता येत नाही, आणि फिशिंग असलं तरी शेवटी समुद्रच ना! हे तो आमच्या तोंडावर म्हणाला. अक्काने त्याला मालवणीत काय ऐकवलं ते मी लिहू शकत नाही. लिहिलं तर छापणार नाहीत.

पोलिसांत गेलो. साहेब म्हणाले, समुद्र आमच्या हद्दीत येत नाही. मी रात्रंदिवस ईमेल पाठवले, दूतावासाला, ह्या खात्याला, त्या खात्याला. उत्तरं यायची. ‘आपला विषय संबंधितांकडे पाठवला आहे.’ संबंधित कोण हे काही शेवटपर्यंत कळलं नाही.

मग अक्का रोज बसने बसवनगुडीला जाऊन एजंटाच्या बाकावर बसायला लागली. आणि एक दिवस दुपारी भूक लागली म्हणून तिने तिथेच डबा उघडला. डब्यात भात आणि भाजलेले सुके बोंबील.

तुम्ही बसवनगुडी बघितली असेल तर पुढचं सांगायलाच नको. सगळी सोवळी वस्ती, सकाळी रांगोळी, संध्याकाळी स्तोत्रं, मधल्या वेळात फिल्टर कॉफी. त्या जिन्यातून बोंबलाचा वास खाली उतरला आणि अर्ध्या तासात घरमालक वर आले, कपाळावर उभं गंध, नाकावर उपरणं. एजंट खुर्चीतून उठून गयावया करायला लागला. त्याची ती त्रेधा अक्का जेवता जेवता शांतपणे बघत होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "उद्या शेगडी घेऊन जाऊया."

"अक्का, अहो काहीतरीच काय!"

"तुला वास येतो तर तू येऊ नको."

गेले. जाणार नाही तर काय करणार? लोखंडी शेगडी, कोळशाची पिशवी, बोंबलांची माळ आणि ओढणी नाकाला बांधलेली मी, अशी आमची वरात रिक्षातून निघाली. ऑफिसच्या जिन्याखाली, फुटपाथवर, अक्काने शेगडी पेटवली. बोंबील तडतडायला लागले. वारा नेमका वरच्या खिडक्यांकडे होता, तिने बघूनच जागा धरली होती.

काय सांगू! खिडक्या आपटल्या. समोरच्या बाई बाहेर येऊन ‘छी छी’ करून आत गेल्या. घरमालक धावत आले. "येनम्मा इदु? हे रस्त्यावर?" अक्का उठून उभी राहिली, हात जोडले आणि आपल्या तोडक्या-मोडक्या नव्हे, चांगल्या ठणठणीत कन्नडमध्ये त्यांना सगळं सांगितलं. माझ्या बहिणीचा पोरगा, यजमान्रे, तुमच्या भाडेकरूने समुद्रात विकला. पोरगा आणा, शेगडी विझवते.

म्हातारे ऐकत राहिले. मग जिना चढून गेले. वर आवाज चढले. खाली आले ते घरातून एक खुर्ची घेऊन आले आणि आमच्यापासून चार हात लांब, उपरणं नाकावर घट्ट धरून बसले. म्हणाले, "हा वास मला सोसत नाही. पण तू उठू नकोस."

मला तिथेच रडू आलं. धूर होता म्हणून कोणाला कळलं नाही.

पोलीसही आला. फुटपाथ अडवू नका म्हणायला आलेला शिपाई कुंदापूरच्या किनाऱ्याकडचा निघाला. तो काठी बगलेत धरून जरा वेळ शेगडीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "अक्का, करपतायत. परता."

पण एजंटाची कंबर मोडली ती वासाने नाही. नोकरी मागायला फाइल घेऊन जी पोरं त्या जिन्याशी यायची, त्यांना अक्का हाताला धरून खाली बसवायची. "खा आधी. मग ऐक." पोरं खायची, ऐकायची आणि जिना न चढता घरी जायची. आठवडाभरात त्या काचेच्या दारामागे माशी फिरकेना. घरमालकांनी जागा सोडायला सांगितली. आणि मग बघा, ज्या माणसाला इतके महिने काही करता येत नव्हतं, त्याने चार फोन केले आणि मासळी उचलायला गेलेल्या जहाजावर सिद्धेशला बोटीवरून उतरवून घेतलं. येत होतं ना करता? पहिल्या दिवशीच येत होतं!

विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा मी ओळखलं नाही. अक्काने ओळखलं. तिने त्याला जवळबिवळ घेतलं नाही, आधी त्याचे दोन्ही हात उलटे करून बघितले. दोऱ्यांनी तळवे चिरून चिरून बरे झालेले, बोटं सुजून वाकडी झालेली. ती त्या हातांवर गाल ठेवून उभी राहिली. तो एवढंच म्हणाला, "मावशे, आणखी चौघां आसत थय."

चौघं विशाखापट्टणमकडची होती, तिथल्या दुसऱ्या एजंटाने पाठवलेली.

सिद्धेश थोडे दिवस अक्काकडेच राहिला. बोलायचा कमी, पलंगावर झोपायचा नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. एका संध्याकाळी आम्ही तिघं भाजीला म्हणून एका नव्या चकचकीत दुकानात गेलो. परदेशी मालाच्या फ्रीजरपाशी सिद्धेश थांबला तो हलेना. आत माकुलाच्या गोल रिंगांची पाकिटं होती. अक्काने एक उचललं आणि मॅनेजरला हाक मारली.

"पकडल्यान कोणी?"

मॅनेजर कोवळा मुलगा. तो अदबीने सांगायला लागला, मॅडम, हे सर्टिफाइड आहे, एका देशाच्या बोटीने पकडलंय, दुसऱ्या देशात साफ केलंय, तिसऱ्यात पॅक झालंय. किती थंडीत ठेवलं तेही लिहिलंय बघा.

"होडीचं लिहिलंय, बर्फाचं लिहिलंय. माणसाचं कुठाय?"

त्याने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. गिऱ्हाइकं थांबली. अक्काने सिद्धेशचा हात धरून फ्रीजरच्या काचेवर ठेवला. "ह्याने पकडलं असेल. नसेल, तर नाही म्हणून सांग. सांग ना! तुझ्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना?"

मॅनेजरला सांगता येईना. त्याच्या वरच्यालाही येईना, फोन लावून झाला. एका बाईंनी टोपलीतलं पाकीट काढून परत ठेवलं. एकाच बाईंनी. बाकीची मंडळी बिलाच्या रांगेत गेली. त्या दुकानात, त्याच जागी, ती पाकिटं अजून मिळतात. हल्ली तर एकावर एक फुकट आहे. मी तिथे पाय ठेवत नाही, आणि जो भेटेल त्याला का ठेवत नाही ते सांगते. ऑफिसात मला ‘आली बघा’ म्हणतात. म्हणू देत.

सिद्धेश गावी गेला आणि पाठोपाठ अक्काने घराला कुलूप लावलं. मला वाटलं बहिणीकडे निघाली. तर हातात विशाखापट्टणमचं तिकीट.

"अक्का, तुम्हाला तेलुगू येतं का? आणि तिकडे सुकटीच्या वासाने कोणाचं काय वाकडं होणार आहे? सगळी तीच खाणारी!"

"मग काय झालं? बसायला तर येतं."

तिकडे ती त्या चौघांच्या आयांना जाऊन भेटली. भाषा एकीची दुसरीला कळेना. पण सगळ्याजणी मिळून एजंटाच्या दारात बसल्या. माणसं जमली, कॅमेरे आले, त्या पोरांबरोबर भोगलेली बोटीची हकिकत सिद्धेशने फोनवरून सगळ्यांना सांगितली. एक पोरगा आला. मग दोघं एकदम आले. प्रत्येक वेळी अक्काचा फोन यायचा आणि मागे बायकांचा असा गलका असायचा की मला एक अक्षर ऐकू येत नसे.

चौथ्याच्या बाबतीत बोटीच्या कंपनीने कळवलं की तो पळून गेला. बोटीवरून. पळून गेला, म्हणून त्याची जबाबदारी आमची नाही. आलेली तिन्ही पोरं त्याच्याबद्दल विचारलं की खाली बघतात.

मी अक्काला फोन केला. म्हटलं, अक्का, आता काय राहिलंय? आता तरी या. मी रडतच म्हणाले असेन.

"पळालो?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खयसून पळालो? भर दर्यातसून? पाण्यावरसून चलाक तो काय देवचार आसा? पळाक जमीन लागता गे."

मी डोळे पुसले.

"त्यांनी त्याला आणून उभा करावा. नाहीतर कुठे टाकला ते त्याच्या आईच्या तोंडावर सांगावं. तोवर ती उठत नाही, आणि ती उठत नाही तोवर मीपण उठत नाही." मग म्हणाली, "इकडे वादळी पाऊस यायचा आहे म्हणतात. एक ताडपत्री पाठव. मोठी बघ, आम्ही दोघी असतो."

मी काल बाजारात जाऊन आणली. निळी, जाड, तिघी आरामात बसतील एवढी. पाठवत नाहीये. परवाच्या गाडीचं तिकीट काढलंय, घेऊनच जाते.