पेपरच्या सकाळी मोह

मागचा रविवार चंद्रपुरात गेला. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या तीन मुलांना घेऊन गेले होते... निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती.

सिंदेवाहीहून पहाटे पाचची एसटी. साडेसातला उतरलो. पेपर अकराला, आणि माझे डोळे तेव्हाच मिटत होते. मुलांना कुठे बसवायचं म्हणून जुन्या कोटाच्या भिंतीला लागून असलेल्या बागेत नेलं. राजांच्या काळची बाग. दारातल्या फलकावर सगळं लिहिलेलं आहे, मी वाचून दाखवलं... कोणी ऐकलं नाही. मीही नीट वाचलं नव्हतं.

दोघं घसरगुंडीकडे पळाले. तिसरी, आचल, माझ्याजवळ बसून राहिली. पोह्यांना हात लावला नाही.

"म्याडम, मी पेपर नाई देत. मले घरी जाऊ द्या."

मला कारण माहीत होतं. तिचे वडील मिरची तोडायला तेलंगणात गेलेत. घरी आई, कडेवरचा भाऊ आणि शेताच्या धुऱ्यावरची मोहाची चार झाडं. हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. फुलं पहाटे गळतात, उजाडायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात. आचलचे दोन हात त्या घरात मोजलेले असतात.

तिच्या आईची समजूत घालायला मी तीनदा गेले होते. तिसऱ्यांदा तिनं नुसती मान हलवली... होकार होता की कंटाळा, कळलं नाही.

वर्षभर या मुलीला मी शाळा सुटल्यावर शिकवलं. आता पेपर दीड किलोमीटरवर होता. मी म्हणाले, "बरं. थोडं फिरून ये, मग बघू."

ती गेली आणि थोड्या अंतरावर थांबली. समोर मोहाचं मोठं जुनं झाड होतं, खाली फुलं टपटपत होती. घसरगुंडीवरचे दोघंही धावत आले आणि झाडाखाली शिरायला लागले, तशी तिनं एकाची कॉलर धरली.

"दुसऱ्याच्या मोहाखाली जातो काऊन?"

मी सांगितलं, बागेतलं झाड आहे, कोणाचं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं... वर्गात मी कधी कधी तिच्याकडे पाहते तसं.

"मंग झाडून काऊन ठेवलं?"

आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन साफ केली, की त्या हंगामापुरतं ते झाड त्या घराचं. दुसरं कोणी तिथलं एक फूल उचलत नाही. इथं तर फुलांखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. मला ते दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात झाडणारी बाई हातगाडी ढकलत आली. पन्नाशीची असेल. गाडीत पाचोळा, रॅपर आणि त्यातच ओंजळी-ओंजळीनं मोहफुलं.

"बाई, हा मोह तुमचा हाये का?" आचलनं विचारलं.

"माजा? हा खराटाबी माजा नाई, पोरी. तू कुठची?"

आचलनं गाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी कुरखेड्याकडची. लगन करून इथी आली, तवापासून मोह वेचला नाई. रोज झाडते अन् फेकते."

"फेकता?"

आचल एवढंच म्हणाली. बाईंनी खराटा झाडाला टेकवला.

"घे. आजच्या दिवस हा मोह तुजा."

मी माझी कापडी पिशवी रिकामी करून दिली. ती वेचायला बसली... दोन्ही हात, नजर वर नाही, पुढे सरकत जाणं. ते दोघंही बसले. झाडाखालून वाट होती, फिरायला आलेले लोक तिथूनच जात. बाई मधे उभ्या राहिल्या.

"तिकून जा भाऊ. लेकरं वेचून राह्यले."

एकानं थांबून विचारलं, हे खातात का. "खाऊन पाहा," बाई म्हणाल्या, "मंग दारूवानी वास घेऊन घरी जा, अन् बायकोले सांगा का बागेत गेल्तो. मानते का पाहा." तो हसत गेला.

मी बाकावर टेकले. डोळा लागला असावा... कोणीतरी खांदा हलवला. आचल उभी होती. पिशवी भरलेली, हात फ्रॉकला पुसलेले.

"म्याडम, दहा वाजले. चला ना."

मी उठून त्या दोघांना हाक मारली. का ते विचारलं असतं, तर कदाचित बिघडलं असतं.

केंद्राच्या फाटकावर तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "बंद नका ठेवू, आंबते. पसरवून ठेवा." आणि आत गेली, मागे न बघता.

फाटकासमोर झाडाच्या सावलीत मी ओढणी अंथरून त्यावर फुलं पसरली. बाकीचे पालक गाइड चाळत होते. एक गाय सारखी येत होती, तिला हाकलण्यात माझे दोन तास गेले. एका आईनं विचारलं, हे काय वाळवताय? म्हटलं, एका मुलीचं आहे... ती आत आहे.

एकला सुटली. आधी ओढणीकडे पाहिलं.

"कमी वाटून राह्यले."

"गाईनं खाल्ली थोडी."

"तुमचं ध्यान नव्हतं." मग फुलं पिशवीत भरता भरता, "पेपर बरा गेला."

निकाल अजून लागायचा आहे. नंबर लागला तरी तिची आई पाठवेल की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा जाईन, पुन्हा तेच बोलेन... थकवा आहे, तो आहेच. पण त्या सकाळी ती फाटकातून आत गेली, ती माझ्या बोलण्यानं नाही.

झाडणाऱ्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. चंद्रपुरात कोणी सकाळी त्या बागेत फिरायला जात असेल, तर त्यांना एवढं सांगा... आचलनं पेपर दिला.