चढणीचा सॅमन

“तीन फिश मिसिंग, आणि गणपतच्या डब्यात फिश! मी काय समजायचं?” आमचा इजिप्शियन मॅनेजर हानी तावातावाने म्हणाला. “व्हिसा कॅन्सल. खलास.”

गणपत मालवणचा. दुबईतल्या आमच्या ॲक्वेरियममध्ये टाक्या साफ करायचा, माशांना खाणं घालायचा. डब्यात बांगडा असायचाच. म्हणून काय प्रदर्शनातला मासा खाईल? माझं डोकंच फिरलं. “संध्याकाळपर्यंत थांब,” मी हानीला ठणकावलं.

माझं काम लाइफ सपोर्ट, म्हणजे पंप, फिल्टर आणि पाणी गार ठेवणारा चिलर. मासे गायब झाले त्या टाकीत लँडलॉक्ड सॅमन होते. इतर सॅमन मोठे व्हायला समुद्रात जातात, हे अख्खा जन्म तळ्याच्या गोड्या पाण्यात काढतात. चंदेरी अंग, निळसर पाठ. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी यांना पाणी दहाचंच लागतं.

जाळ्या उघडल्या, ड्रेन उघडला. काही नाही. गणपत रडकुंडीला आला. “ताई, आईशप्पथ, हात नाही लावला. पोरीची कॉलेजला ॲडमिशन झालीय हो नुकतीच.”

शेवटी लॉगबुक काढलं. ‘बिहेवियर’च्या रकान्यात गणपतच्या अक्षरात चार दिवस एकच शब्द: हॅपी.

“हॅपी म्हणजे काय रे?”

“खूश होते. पाणी पडतं तिथे उड्या मारत होते.”

“उड्या? गणपत, पावसाळ्यात तुमच्या शेतात काय चढतं?”

त्याने आ वासला. “चढणीचे मासे! अंडी घालायला!”

खोट्या खडकामागे धावलो. चिलरचं पाणी तिथल्या खडी भरलेल्या चरातून, गुडघाभर उंचीवरून टाकीत पडतं. झाकण उचललं, तर तिघंही आत! अंग लालभडक, डोकं हिरवट, नराचा जबडा आकड्यासारखा वळलेला. आजार नव्हे, विणीच्या वेळी ते असेच दिसतात. टाकीतल्या निळ्या दिव्यांत ती लाली आम्हाला दिसलीच नव्हती. मादी शेपटीने खडी उकरत होती. हुश्श!

हानी आला, वाकून बराच वेळ बघत राहिला. मग गणपतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सॉरी, हबीबी.” गणपत तिथेच बसून ढसाढसा रडला.

आता लॉगमध्ये ‘हॅपी’ लिहायला बंदी आहे. दिसलं तेवढंच लिहायचं, अर्थ नंतर लावू.

अंडी घातल्यावर हे सॅमन मरतात. तेही तिघं पंधरा दिवसांत गेले. पण त्या वेळी कुणी गणपतच्या डब्यात डोकावलं नाही.