कचेरीच्या पडवीतलं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांचा आवाज मोठा. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस सारखा कुणाशी तरी भांडतोय. मग कळलं, ते भांडण नव्हे, चुलत्यांकडे चुना मागणं चाललंय. फोन तर त्यांना लागतच नाही. अंगणात उभे राहिले की बागेच्या खालच्या टोकाचा माणूस ‘ओ’ देतो. मी यावरून त्यांना पुष्कळ टोमणे मारते आणि ते तितक्याच मोठ्याने हसतात.

या आवाजाला आमच्या वाडीत मान आहे. गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या घराण्याचा. कोकणाबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्याआधी नारळ ठेवतात आणि एकजण सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणं घालतो. बाकीचे हात जोडून उभे राहतात आणि प्रत्येक बोलण्यावर एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पेरणी असो, लग्न असो, बोट पाण्यात ढकलायची असो की आंबा उतरवायला घ्यायचा असो, गाऱ्हाण्याशिवाय हात लावायचा नाही. देवळात जायलाच हवं असंही नाही. प्रत्येक जागेला तिचा धनी असतो, तो तिथेच ऐकतो.

आमची बाग हातखंब्याहून आत, कातळ संपतो तिथे. बागेत राखणदार नवरा-बायको आहेत, नेपाळचे. आले तेव्हा दोघांना मराठीचा गंध नव्हता. आता तो माकडांना शिव्या घालतो त्या थेट माझ्या सासूबाईंच्या बोलीतल्या. त्याची बायको माझ्याबरोबर आमसुलं घालते. पोर वाडीतल्या शाळेत जाते. दरवर्षी पहिला आंबा उतरवताना हे गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळ्यात खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ त्या दोघांचं असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाग आंब्याने लगडलेली. अशात पोलीसपाटील निरोप घेऊन आले. बागांमधल्या, बोटींवरच्या सगळ्या नेपाळी माणसांची नोंद रत्नागिरीत करून घ्यायची, आठवड्याभरात ज्याची नोंद होणार नाही त्याला मालकाने कामावरून काढायचं. त्याला काय झालं, राखणदार एक दिवस जाऊन येईल, असं आम्हाला वाटलं. तो गेला. दिवसभर त्या कचेरीच्या पडवीत उभा राहून परत आला. ‘उद्या ये’ म्हणाले. दुसऱ्यांदा गेला, तर फोटोची पाठ निळी आहे, पांढरी हवी, म्हणून हाकलला. त्या संध्याकाळी दोघं अंगणात येऊन उभे राहिले. त्याने ह्यांना विचारलं, “दादा, बोचका बांधू काय?”

ह्यांनी उठून आमच्या टेम्पोतलं डिझेल बघितलं. हे गप्प बसले की मला भीती वाटते, कारण तसं फारसं होत नाही.

सकाळी आम्ही चौघं टेम्पोने निघालो. मला यायचं कारण नव्हतं, पण त्याच्या बायकोबरोबर कुणीतरी बाईमाणूस असावं म्हणून मी चढले. खरं सांगायचं तर ह्यांना एकट्याला सोडायची माझी तयारी नव्हती.

कचेरीचं नाव मी घेत नाही. परदेशी माणसांची नोंद होते ती जागा, एवढं पुरे. आम्ही पोचलो तर पडवी आधीच भरलेली. बागांतले राखणदार, बंदरातल्या बोटींवरचे खलाशी, सगळे नेपाळी. एकजण तर पार बुरोंडीहून पहाटेच्या एसटीने आला होता. बसायला बाक नाही, वर पत्रा. ऊन आत सरकेल तशी ही माणसं भिंतीकडे सरकत होती. शिपाई दारात स्टूल टाकून बसलेला, कुणी पायरीवर पाऊल ठेवलं की नुसता हात वर करायचा.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. तिच्यातून दोन गोरे इंजिनियर उतरले. अंजनवेलच्या बाजूला कसल्यातरी कामाला आलेले, असं त्यांचा ड्रायव्हर सांगत होता. तेही नोंदीलाच आले होते. शिपाई स्टुलावरून उठला, दार उघडलं, साहेब स्वतः पुढे आले. आमच्याकडे बघून शिपाई म्हणाला, “बागवाले ना तुम्ही? मालक, तुम्ही कशाला उन्हात? आत या, बसा. तुमच्या गुरख्याला राहू द्या तिथे.”

आम्ही आत गेलो. मी बसले. बसा म्हटल्यावर बसायचं नाही, इतकी मी मानी नाही. आत गार होतं, चहा आला, बशीत बिस्किटंही आली. साहेब गोऱ्यांशी हसून बोलत होते. माणूस वाईट नव्हता, देशावरून बदलून आलेला तरुण अधिकारी. त्याने त्या दोघांचे कागद पाहिले. एकजण खिसे चाचपायला लागला. फोटो आणायलाच विसरला होता. ओशाळून काहीतरी म्हणाला बिचारा. साहेब म्हणाले, काही हरकत नाही, नंतर फोनवर पाठवा.

ह्यांनी कप खाली ठेवला. त्या कपाचा आवाज मला अजून आठवतो.

हे पुष्कळ वर्षं आखाती देशात वेल्डर होते. तिकडच्या गोष्टी घरी सांगायचे त्या सगळ्या हसण्यावारी न्यायच्या. खोलीतल्या मलबाऱ्याने माशाच्या कालवणात काय घातलं, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळताना चेंडू कुणाच्या हौदात पडला, असल्या. एकच गोष्ट अशी होती, जी त्यांनी एकदाच सांगितली आणि सांगताना हसले नाहीत. राहण्याच्या परवान्यावर शिक्का घ्यायला कंपनीची बस त्यांना एका मोठ्या कचेरीच्या आवारात उतरवायची. सगळ्यांचे पासपोर्ट रबर लावून कंपनीच्या माणसाच्या हातात. आवारात उन्हात ओळ करून उभं राहायचं. हाक नावाने नाही, नंबराने. आणि त्याच कचेरीत, काचेच्या पलीकडे, गार हॉलमध्ये इंजिनियर लोक खुर्च्यांवर बसलेले. त्यात पुण्याचा एकजण ह्यांच्याच विमानातून उतरलेला. तोही परदेशी, हेही परदेशी. पण काचेच्या आतले ते पाहुणे, बाहेरचे ते मजूर. “पायाखालची वाळू एवढी तापायची,” हे म्हणाले होते, “की आम्ही आळीपाळीनं एका पायावर उभं राहायचो, बगळ्यासारखं.” तेव्हा मी हसले होते. मग त्यांचा चेहरा बघितला.

तर ह्यांनी कप ठेवला आणि उठून बाहेर गेले. मीही मागोमाग उठले. चहा मात्र हातातच ठेवला, तो कशाला वाया घालवायचा.

बाहेर जाऊन ह्यांनी चपला काढल्या. खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. नारळ कुठून आणणार? खिशातली सुपारी काढली आणि पडवीच्या पायरीवर ठेवली. काय होणार ते मला कळलं.

“ह्या जाग्याच्या धन्या, म्हाराजा!”

वाडीच्या देवळात घुमतो तो आवाज पत्र्याखाली काय होत असेल, विचार करा. आमचा राखणदार आणि त्याची बायको, दोघांचे हात आपसूक जोडले गेले. “व्हय म्हाराजा!”

“आज ही जी काय लेकरा तुज्या दारात उबी हायत, कोन बागेतला, कोन बोटीवरचा, सकालपास्ना उनात हायत...”

या वेळी अख्ख्या पडवीने साथ दिली. मला पहिल्यांदा नवल वाटलं. मग लक्षात आलं, यातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बागेत, कुठल्या ना कुठल्या बोटीशेजारी नारळ ठेवताना उभा राहिलेला आहे. देवाला काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांना पाठ होतं.

“लांब मुलकातना प्वाट भराया आल्यात. आमचा आंबा राखतात, आमची जाळी वडतात. कोनाचा वायट क्येला नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हे जे उत्तर आलं, त्यात एक आवाज दारातून आला होता. शिपायाचा. तोही शेवटी इकडचाच, लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

आत काय चाललं होतं ते मला दारातून दिसत होतं. गोऱ्यांनी ड्रायव्हरला विचारलं, त्याने बहुधा सांगितलं की पूजा आहे. इकडच्या देवळांत जाऊन आलेले असणार दोघं. त्यांनी खाली वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, एकाने मोजेसुद्धा काढले, आणि दोघं हात जोडून दारात येऊन उभे राहिले. सरकारी कचेरीत, अनवाणी. आता साहेबांना बसून राहणं कठीण झालं.

ते तणतणत बाहेर आले. “काय चाललंय हे? घोषणा देताय? सरकारी कामात अडथळा म्हणून एकेकाला आत घेईन!”

मी कप पायरीवर ठेवला. साहेब आता चिडले तर आमच्या राखणदारांचं काम कायमचं बसलं. आजच्या आज बोचकं बांधावं लागेल, आणि तेही आमच्यामुळे. राखणदाराची बायको माझा हात घट्ट धरून उभी होती.

हे जराही न डगमगता म्हणाले, “घोषणा नाय साहेब, गाऱ्हाणा. तुमास्नी काय नाय बोल्लो. जाग्याच्या धन्याला सांगतोय.”

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई खाली मान घालून म्हणाला, “साहेब, गाऱ्हाणं मधीच तोडत नाहीत.”

साहेब दोन्ही अनवाणी गोऱ्यांच्या मधे उभे. जावं तर पंचाईत, थांबावं तर पंचाईत. ह्यांनी त्यांना अवघडून ठेवलं नाही, पुढचं चालू केलं. “ज्या हातात शिक्का हाय त्या हाताला बल दे. ह्येंचा कागुद मार्गी लाव. आनि कोनाच्या मनात आपला-परका आला आसंल, तर ता धुवून काड, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पत्रा हादरला. त्यात एक गोरा आवाजही होता, काहीतरी भलताच शब्द, पण सुरात.

साहेबांनी पडवीकडे एकदा नीट पाहिलं, मला वाटतं सकाळपासून पहिल्यांदाच. मग शिपायाला म्हणाले, “एकेकाला आत पाठव. आणि आतल्या खुर्च्या बाहेर काढ.”

आमच्या राखणदार नवरा-बायकोला सगळ्यात आधी बोलावलं. फोटोची पाठ निळीच होती. त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. थोड्या वेळात दोघं बाहेर आले, कागद तिच्या पदराखाली. ती रडत होती आणि तो तिला आमच्या बोलीत ओरडत होता, “रडतंस कशाला गो आता!”

मी म्हटलं, “चला. आंबा उतरवायला माणसं आली असतील, फळ झाडावर पिकतंय.”

हे जागचे हलले नाहीत. “तुमी तिगं जावा हवं तर. मी थांबतो.”

“अवो, आपलं काम झालं ना?”

“गाऱ्हाणा सगल्यांचा घातलाय गो. आपला झाला म्हनून उठून जाऊ?”

मी कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी वडापाव आणले. शिपायालाही दिला, त्याने इकडेतिकडे बघून खाल्ला. राखणदार आणि त्याची बायकोही गेली नाहीत. आम्ही चौघं पायरीवर बसून राहिलो. एकेकजण आत जात होता, बाहेर येताना ह्यांच्यासमोर थांबून कागद दाखवत होता. हे प्रत्येक कागद हातात घेऊन बघत आणि मान डोलवत, जणू काही ह्यांनाच त्यातलं सगळं कळतंय. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, हा मोठ्या आवाजाचा माणूस माझा नवरा आहे.

बुरोंडीचा खलाशी सगळ्यात शेवटी बाहेर आला. त्याने कागद कपाळाला लावला, ह्यांच्या पायाशी वाकायला गेला, तर ह्यांनी त्याला मधेच धरलं आणि एसटी चुकेल म्हणून पिटाळलं.

मग आम्ही टेम्पोत चढलो. ती दोघं मागे, मी ह्यांच्याशेजारी. मला राहवलं नाही. मी विचारलं, “तिकडं, त्या आवारात, तुमच्यासाठी कोण थांबलं होतं का हो असं?”

“कोन नाय,” हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. मग त्यांनी टेम्पो सुरू केला.