युरोपभर चालणारं सिम

गेल्या वर्षात माझा मुलगा माझ्याशी एकाच विषयावर मनापासून बोलला. तो विषय म्हणजे ई-सिम.

तो जर्मनीतल्या एका लहान गावात राहतो. शिकायला गेला, शिक्षण संपलं, नोकरी लागली, आणि त्या नोकरीचं पुढे काय झालं ते आम्हाला नीट कळलं नाही. विचारलं की ‘चालू आहे’ म्हणतो. जेवलास का, तर ‘हो.’ तब्येत, तर ‘बरी.’ थंडी, तर ‘आहे.’ सरकारी खिडकीपलीकडचा माणूसही याहून जास्त बोलतो, निदान ‘उद्या या’ म्हणतो. व्हिडिओ कॉल लावावा तर याचा कॅमेरा कायम बिघडलेला. एकदा मात्र चुकून चालू राहिला. तिथे भर दुपार होती, खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि तो अंथरुणात होता. दाढी वाढलेली. दोनेक क्षणांत कॅमेरा पुन्हा बिघडला.

त्याच दिवशी मी ठरवलं की जायचं. समजावायला नाही, रागवायला तर नाहीच. महिनाभर त्याच्या आसपास असायचं, वरणभात करायचा आणि सकाळी तो पडदा सरकवायचा. याहून मोठी योजना माझ्याकडे नव्हती.

पण मी बिनकामाची नाही. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून यंत्रांनी केलेली मराठी भाषांतरं तपासते, म्हणजे माणसानं केल्यासारखी करून देते. घर त्यावर चालतं. कंपनी उदार आहे. जगात कुठेही बसून काम करा म्हणते, फक्त भारताच्या घड्याळाप्रमाणे दिवसभर ऑनलाइन दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर फाइल दुसऱ्याकडे जाते आणि मग ती त्याच्याकडेच जात राहते. तेव्हा मला दोन गोष्टी लागणार होत्या, व्हिसा आणि नेट. व्हिसाचं खातं यांनी घेतलं. माझ्या वाट्याला नेट आलं.

मी सहज मुलाला मेसेज केला, ‘तुझ्याकडे वायफाय कसं आहे रे?’

जे उत्तर आलं ते मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चांगलं परिच्छेदभर होतं. वायफाय सगळ्या इमारतीत मिळून एकच आहे, वरचेवर बंद पडतं, त्यावर विसंबून काम घेऊ नकोस. प्रवासाचं ई-सिम घे. त्याचं कार्ड नसतं, लॅपटॉपवर कोड उघडायचा, फोननं तो टिपायचा, सिम फोनमध्ये उतरतं. तुझ्या फोनला चालतं का ते आधी पाहू. अमुक आकडे दाब आणि जे दिसेल त्याचा फोटो पाठव.

मी पाठवला. ‘चालतंय,’ तो म्हणाला. ‘आता बघू कुठलं घ्यायचं ते.’

त्या ‘बघू’मध्ये मीही होते. 

पुढचे काही आठवडे मी जेवढं वाचलं तेवढं एम.ए.लासुद्धा वाचलं नव्हतं. काही सिमं लॅपटॉपला नेट वाटून देतात, काही देत नाहीत, आणि देत नाहीत हे सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. काहींची मुदत कोड टिपल्यापासून सुरू होते, काहींची तिथलं नेटवर्क पकडल्यापासून. बहुतेकांना फोन नंबरच नसतो, म्हणून बँकेच्या ओटीपीसाठी आपलं जुनं सिम आत जागं ठेवावं लागतं, पण त्याचा डेटा बंद करून. नाहीतर रोमिंगच्या बिलापायी विमानतळावरच घरदार विकायची वेळ येते. सगळ्या जाहिरातींत एक तरुणी समुद्रकाठी लॅपटॉप घेऊन हसत बसलेली. तिचा मुलगा कुठे असतो ते लिहिलेलं नसतं.

‘अनलिमिटेड’ हा शब्द तर मी लगेच ओळखला. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड नाही, चार-चार दिवसांआड येतं. दर निवडणुकीत ते चोवीस तास येणार असतं. पिंप, बादल्या, घागरी भरून ठेवलेल्या बाईला अनलिमिटेड म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. खालची टीप वाचली तर होतंच, की रोज ठरावीक डेटा संपला की वेग कमी होईल. म्हणजे नळ चालू, धार करंगळीएवढी.

हे मी मुलाला लिहिलं. त्यानं हसरा चेहरा पाठवला. मग पुढे लिहिलं, की तुझ्या मीटिंगा किती, त्यात कॅमेरा लागतो का, फाइली केवढ्या, ते सांग, हिशोब करू. मी सांगितलं. त्यानं तक्ता करून पाठवला. तीन कंपन्या, त्यांचे गुण-दोष, शेवटी त्याचं मत. इतकं नेटकं काम करणारा माणूस दुपारी अंथरुणात का असतो, हे विचारायला मी टाइप करायला घेतलं आणि पुसलं. त्याऐवजी विचारलं, ‘दुसऱ्या नंबरच्या सिमवर लॅपटॉप चालेल का?’

लगेच उत्तर आलं.

मग मला युक्ती कळली. प्रश्न तांत्रिक असला की मुलगा बोलतो. मी रोज एक प्रश्न काढू लागले. ट्रेनमध्ये चालेल का? शेजारच्या देशात गेले तर? फोन पाण्यात पडला तर? आणि प्रश्नाच्या शेपटीला हळूच काहीतरी बांधायचं: ‘तू काय वापरतोस? बाहेर जातोस तेव्हा रेंज असते का?’ पहिल्या भागाचं उत्तर सविस्तर यायचं. शेपटीचं यायचं नाही. एकदाच आलं, ‘मी फारसा बाहेर जात नाही.’ ते वाक्य मी बरेच दिवस बाळगलं.

यांना हे काही माहीत नव्हतं. यांना फक्त बायको एक साधं सिम ठरवू शकत नाही एवढं दिसत होतं.

“अगं, सिम घ्यायचंय का टॉवर उभा करायचाय?”

“बघतेय.”

“किती बघशील? लग्नाला स्थळं बघितली त्यापेक्षा जास्त झालं हे.”

“तेव्हा घाई झाली म्हणूनच आता सावकाश बघतेय.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय हातात घेतला. गुरुवारी गुरुपुष्यामृत आहे, बार्शीहून काका येणार आहेत, त्यांच्या हस्ते सिम चालू करायचं. काका म्हणजे यांचे चुलते, भुसार बाजारातले जुने आडते. घराण्यात दुकान, विहीर, ट्रॅक्टर, काहीही सुरू करायचं तर पहिला हात काकांचा. शिवाय ते एकदा सिंगापूरला जाऊन आलेले, त्यामुळे परदेश हे खातंही त्यांच्याकडेच.

तोवर गल्लीत माझ्या नावाचा फ्लेक्स लागला होता. ‘परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ माझा फोटो शुभेच्छुकांच्या फोटोंच्या मानानं लहान होता, ते योग्यच होतं. व्हिसा अजून आला नव्हता, पण ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

गुरुवारी काका आले. फेटा, पांढरी बंडी, बंडीच्या खिशात नवाकोरा मोठा फोन, जावयानं घेऊन दिलेला.

“सूनबाई, आमी सिंगापूरला गेलतो तवा असलं काय बी न्हवतं. सगळ्या गाडीत मिळून येकच सिम. ते बी टूरवाल्याकडं.”

“मग काका, कुणाचं अडलं नाही?”

“अडायला फोन कुणाला करायचाय? सगळी तर संगंच व्हती.”

पाटावर लॅपटॉप ठेवला होता. त्याच्या झाकणाला यांनी हळदकुंकू लावलं, माझ्या फोनलाही लावलं, नारळ फोडला. कोड पडद्यावर उघडून ठेवला होता; मुलाच्या तक्त्यातलं पहिलं सिम, युरोपभर चालणारं. शेजारपाजार जमलेला. हे म्हणाले, “काका, होऊ द्या तुमच्या हातानं.”

काकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि लॅपटॉपसमोर धरला. आम्हाला वाटलं फोटो काढतायत; तिथे जो तो फोटोच काढत होता.

“ह्ये इचारतंय, हो म्हनू का?”

“म्हणा की,” हे म्हणाले.

काका एकेका प्रश्नाला हो म्हणत गेले. फोन वाजला. “आलं बगा युरोप,” काका म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग मी माझा फोन धरला. पडद्यावर अक्षरं उमटली, हा कोड आधीच वापरलेला आहे.

“म्हंजे आता ते माज्यात हाय?” काकांनी विचारलं.

“हो काका.”

“बार्शीत चालंल का?”

“नाही. फक्त युरोपात.”

“मग मला बी न्या की संगं.”

सगळे हसले. यांचा चेहरा तेवढा पडला. मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला. एवढी मोठी अडचण आली होती. आता मुलाशी निदान आठवडाभराचं बोलणं झालं असतं.

मी त्याला लिहिलं आणि त्यानं फोन केला. आपण होऊन. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

“बार्शीच्या आजोबांनी? त्यांच्या फोनमध्ये?” तो म्हणाला आणि हसला. लहानपणी हसता हसता त्याला ठसका लागायचा, तसा लागला. मी फोन स्पीकरवर टाकला.

“काय रं,” काका ओरडले, “तुज्या आईचं सिम मी खाल्लं बग. तू कवा येतुस?”

ठसका थांबला. “बघू आजोबा,” तो म्हणाला. “आई, मी कंपनीला लिहितो. तू काही करू नकोस.”

आयुष्यात मी कंपन्यांच्या तक्रार विभागांवर पुष्कळ टीका केली आहे. गॅसवाले, वीजवाले, कुरिअरवाले, कुणी आठवड्याच्या आत ओळख दाखवत नाही. हे लोक मात्र काका जेवून पान लावेपर्यंत जागे झाले. चूक समजून घेतली, जुना कोड रद्द केला, नवा पाठवला. इतक्या तत्परतेची कुणाला गरज होती? मी तो टिपला. सिम उतरलं. मुलाला कळवलं.

‘झालं मग,’ असा मेसेज आला.

आणि खरंच झालं. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही. जेवलास का, ‘हो.’ तब्येत, ‘बरी.’

पुढे व्हिसाही आला. हे पेढे घेऊन आले. मी शेंगा चटणी कांडून घेतली, कडक भाकरी आणल्या, मऊ चादर आणली, आणि मुलाला तारीख कळवून विचारलं, आणखी काय आणू? 

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘हॉटेलचं बुकिंग आहे ना?’

व्हिसाच्या कागदांना एजंटनं कुठल्याशा हॉटेलचं बुकिंग जोडलं होतं, ते कागदापुरतं. मी लिहिलं, ‘अरे, हॉटेल कशाला? तुझ्याकडेच.’

दिवसभर काही आलं नाही. मी एक यंत्रभाषांतर तपासत होते, कसल्या तरी गादीच्या जाहिरातीचं. त्यात ‘घरासारखी ऊब’ असं होतं आणि ते मला बदलता येईना. संध्याकाळी मेसेज आला. मोठा होता. मला क्षणभर बरं वाटलं, मोठा आहे म्हणून.

‘आई, आत्ता नको येऊस. माझ्याकडे जमणार नाही. सिमची काळजी करू नकोस, मी नियम वाचले. मुदत तिथलं नेटवर्क पकडल्यावरच सुरू होते, त्यामुळे तुझी अजून सुरूच झालेली नाही. न वापरलेलं सिम परत करता येतं. अॅपमध्ये ऑर्डर उघड, मदत दाब, कारणात “प्रवास रद्द” निवड. एकदा कोड बदलून घेतलाय, म्हणून कदाचित जास्त विचारतील, तर मला सांग, मी लिहीन.’

मुद्देसूद होतं. चूक काढायला जागा नव्हती.

मी फोन केला. वाजत राहिला. यांनी केला. वाजत राहिला. हे म्हणाले, “तू तशीच जा की. दारात उभं राहिल्यावर काय हाकलून देईल?” आणि मग स्वतःच फॅनकडे बघत बसले. दार उघडणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. 

फ्लेक्स अजून आहे, उन्हानं माझा चेहरा पांढरा पडलाय. बाजारात लोक विचारतात, “कधी आलात परत?” मी म्हणते, “नुकतीच.” काकांचा अधूनमधून फोन येतो, ते सिम काढायचं कसं म्हणून. मी म्हणते, राहू द्या, त्रास देत नाही.

सिम मी परत केलेलं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये दोन ओळी दिसतात, एक आपली, एक युरोपची. युरोपच्या पुढे ‘बंद’ लिहिलंय. परवा मी मुलाला विचारलं, फोन बदलला तर हे नव्या फोनवर नेता येतं का? फोन मी बदलणार नव्हते.

उत्तर आलं, ‘कंपनीच्या पानावर लिहिलेलं असतं. बघ.’

मी बघितलं. लिहिलेलं होतं.